पेटंटचा अर्ज 'उघड आहे' म्हणून फेटाळला. अपील करावं का?

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. चुलतभाऊ नारायणगावला द्राक्षं आणि टोमॅटो करतो. त्याच्या ड्रिपच्या स्क्रीन फिल्टरसाठी आम्ही दोघांनी विजेशिवाय आपोआप फ्लश होणारा व्हॉल्व्ह बनवला. जाळी तुंबली की आत-बाहेरच्या प्रेशरमधला फरक वाढतो. तो अर्धा बार झाला की डायफ्रॅम ढकलला जातो, टॉगल स्प्रिंगचा खटका पडतो आणि ड्रेन एकदम पूर्ण उघडतो. घाण निघून गेली, फरक खाली आला, की खटका उलटा पडून ड्रेन बंद.

अर्ज आम्ही स्वतःच भरला होता. एफईआर (पहिला तपासणी अहवाल) आला, उत्तर दिलं, व्हीसीवर हिअरिंगही झालं. गेल्या महिन्याच्या शेवटी आदेश आला: फेटाळला. आमच्याविरुद्ध दोन जुने कागद दाखवले, डी-१ आणि डी-२. कारण असं की डी-१ मध्ये प्रेशरच्या फरकावर चालणारा फ्लशिंग फिल्टर आहे (प्रेशरचा फरक ओळखणारा डीपी स्विच, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, टायमर), आणि डी-२ मध्ये टॉगल स्प्रिंगचा खटका आहे (कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढणारा फ्लोटवाला ऑटो ड्रेन). दोन्ही एकत्र करणं 'कुशल व्यक्तीला उघड आहे'. शेवटी एक ओळ कलम ३(एफ) ची, म्हणजे माहीत असलेल्या उपकरणांची नुसती मांडणी.

परीक्षकाच्या या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं का? कुठे? पुण्यात होतं का? भाऊ म्हणतो सोड, थोडा बदल करून नवीन अर्ज टाकू.

सदाशिव_तीस
सोळाशे रुपयांत अर्ज, चार हजारांत तपासणीची विनंती, आणि आता हायकोर्टाचा वकील. पेटंट मिळेपर्यंत चाकणमधले चार जण तुमचा व्हॉल्व्ह बनवून विकत असतील. शिवाय एक शंका: पंप चालू आहे म्हणजे वीज आहेच. मग सोलेनॉइड लावायला काय हरकत?

भोसरीचा_फिटर
वीज पंपापाशी आहे, फिल्टर प्लॉटच्या तोंडाशी. मध्ये अर्धा किलोमीटर पाइपलाइन. काही ठिकाणी तर टेकडावरच्या टाकीतून नुसत्या उताराने पाणी येतं, तिथे पंपाचाच पत्ता नसतो.

क्लेम_नंबर_एक
मी पुण्यातच पेटंट एजंट म्हणून काम करतो. इथे जे लिहितो तो सल्ला नव्हे, दिशा समजा. कागद बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

आधी तारीख. पेटंट कायदा १९७० च्या कलम १५ खाली अर्ज फेटाळला गेला की कलम ११७ए प्रमाणे अपील करता येतं, आणि मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिने. तुमच्या हातात कागद कधी पडला ते महत्त्वाचं धरू नका, आदेशावरची तारीख बघा. उशीर झाला तर माफी मागता येते, पण ती मागायची वेळच येऊ देऊ नये.

कुठे? २०२१ च्या एप्रिलपर्यंत ही अपिलं आयपीएबीकडे जायची. ते अपील मंडळ बंद झालं, आता उच्च न्यायालय. पुण्याच्या अर्जदाराचं 'योग्य कार्यालय' म्हणजे मुंबई पेटंट कार्यालय, त्यामुळे अपील मुंबई उच्च न्यायालयात. हल्ली फाइल चारपैकी कुठल्याही कार्यालयातल्या कंट्रोलरकडे जाते, आदेशावर सही करणारा कोलकात्यात बसलेला असू शकतो. त्याने हद्द बदलत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: अर्ज जिथे दाखल झाला त्या कार्यालयावरून न्यायालय ठरतं.

आणि हो, तिथे मी उभा राहू शकत नाही. एजंटला कंट्रोलरपुढे बोलता येतं, हायकोर्टात वकीलच लागतो.

सदाशिव_तीस
म्हणजे फोर्टला चकरा. शिवाजीनगर कोर्ट दहा मिनिटांवर असताना! कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, तिथे तरी?

क्लेम_नंबर_एक
कोल्हापूर बेंच कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पुणे त्यात नाही. पुण्याची बेंचची मागणी किती जुनी आहे हे तुम्हाला सांगायला नको. शिवाजीनगरला कोणी पेटंटचं उल्लंघन केलं तर दावा लावता येतो, कारण त्याला जिल्हा न्यायालय चालतं. कंट्रोलरच्या आदेशावरचं अपील मात्र तिथे नाही.

निवृत्त_परीक्षक
एक दुरुस्ती. परीक्षक अर्ज फेटाळत नाही. परीक्षक तपासून अहवाल देतो; ऐकून घेऊन आदेश करतो तो कंट्रोलर. अपील आदेशावर असतं, एफईआरवर नाही. हे लक्षात ठेवलं नाही तर अपिलाच्या मेमोत एफईआरमधल्या मुद्द्यांना झोडपण्यात पानं जातात आणि आदेशाला हातच लागत नाही. असे मेमो पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरं, भाऊ नवीन अर्ज म्हणतो तर त्याला थांबवा. तुमचा पहिला अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध झाला असेल. आता तुमचाच अर्ज तुमच्याविरुद्ध प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून जाहीर असलेलं ज्ञान, आहे. खरोखर नवीन काही सुधारणा असेल तर गोष्ट वेगळी, पण 'थोडा बदल' केला तर आधी दोन कागद लागले होते तिथे आता एकच पुरेल, तोही तुमच्या सहीचा. डिव्हिजनल, म्हणजे मूळ अर्जातून वेगळ्या काढलेल्या अर्जाचा रस्ता कलम १६ मध्ये होता, पण तो आदेश होण्यापूर्वी घ्यायचा असतो.

भोसरीचा_फिटर
कंट्रोलरकडेच पुनर्विचार मागता येतो असं कुणीतरी म्हणालं.

निवृत्त_परीक्षक
येतो. कलम ७७(१)(एफ), फॉर्म २४, निर्णय कळल्यापासून एक महिना, विनंतीवर आणखी एक महिना. पण तो दिसण्यासारख्या चुकीसाठी. उदा. हिअरिंगनंतर पंधरा दिवसांत दिलेलं लेखी निवेदन आदेशात विचारातच घेतलेलं नाही, किंवा जुन्याच क्लेमवर (अर्जात ज्या वाक्यांत हक्क मागतो त्यांवर) आदेश लिहिला. 'तुम्ही डी-२ चा अर्थ चुकीचा लावला' हे पुनर्विचारात चालत नाही. आणि रिव्ह्यू टाकला म्हणून अपिलाचे तीन महिने थांबले असं धरून बसू नका.

नारायणगावकर
मी या भाऊंना ओळखत नाही पण प्रश्न ओळखीचा आहे. कालव्याला आवर्तन सुटलं की शेवाळ येतं. जाळी काढून घासायला माणूस ठेवावा लागतो, नाहीतर शेवटच्या लॅटरलला पाणी पोचत नाही. आपोआप साफ होणारे फिल्टर कंपन्यांकडे आहेत की. आमच्या शेजाऱ्याने लावला, पण टाकीच्या पाण्यावर तो चालेना, प्रेशर पुरत नाही म्हणाले. तुमचा किती प्रेशरवर चालतो? आणि एक सांगा, अर्धा बारला उघडला की लगेच फरक कमी होणार, मग तो पुन्हा बंद नाही होत? थेंब थेंब गळत राहणार.

भोसरीचा_फिटर
काका, तोच तर सगळा खेळ आहे! साधी स्प्रिंग लावली की तुम्ही म्हणता तेच होतं. ड्रेन जरासा उघडतो, फरक जरासा पडतो, व्हॉल्व्ह मध्येच लटकतो. पाणी गळतं पण जाळी धुतली जात नाही. म्हणून खटका. उघडतो अर्ध्या बारला, बंद होतो ०.१५ ला. या दोन आकड्यांमधलं अंतर आहे म्हणून पूर्ण धारेने फ्लश होतो. लाइनला एक बार असला तरी चालतो.

क्लेम_नंबर_एक
थांबा. हे जे काकांना सांगितलंत ते स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, लिहिलंय का? साध्या स्प्रिंगने व्हॉल्व्ह लटकतो हे?

भोसरीचा_फिटर
हो. साधी स्प्रिंग आणि खटका, दोन्हीच्या चाचण्यांचा तक्ता आहे. हिअरिंगला मात्र तो दाखवायचं राहिलं, तिथे आम्ही खर्च किती वाचतो तेच सांगत होतो.

क्लेम_नंबर_एक
मग तुमच्याकडे अपील आहे. आता जरा लांब लिहितो.

कलम २(१)(जेए) वाचा. इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणजे आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, *आणि* त्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातल्या कुशल माणसाला उघड नसणं. खर्च वाचतो हे पहिल्या भागात बसतं. दुसरा भाग त्याने भागत नाही. वीस टक्के स्वस्त पण कुणालाही सुचण्यासारखं असेल तर पेटंट नाही.

हे उघड आहे की नाही ते कसं ठरवायचं, यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात पायऱ्या घालून दिल्या आणि सगळीकडे त्याच वापरल्या जातात. कुशल माणूस कोण ते ठरवा, शोधाचा गाभा काय ते ठरवा, त्या तारखेला त्या माणसाला सर्वसाधारणपणे काय माहीत असणार ते धरा, जुनं आणि नवं यात फरक काय ते मांडा, आणि मग तो फरक त्याला सहज सुचला असता की डोकं लावावं लागलं असतं ते विचारा. हे सगळं पश्चातबुद्धी बाजूला ठेवून. तुमचा शोध समोर ठेवून मागे चालत गेलं तर कुठलाही शोध दोन कागदांत सापडतो.

तुम्ही दिलेल्या सारांशावरून आदेशात पहिल्या चार पायऱ्या अर्ध्यामुर्ध्या आहेत आणि पाचवी नुसतीच जाहीर केली आहे. डी-१ घेणाऱ्याने डी-२ कशासाठी उचलावा, हे वाक्यच नाही. मार्च २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रीबोर्ड प्रकरणात याच कारणासाठी आदेश रद्द केला: प्रायर आर्ट काय, अर्जातला शोध काय, आणि तो उघड कसा, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी, नुसता निष्कर्ष चालत नाही. मुंबईला दिल्लीचा निकाल बंधनकारक नाही, पण वजन आहे.

निवृत्त_परीक्षक
कारणं दिली नाहीत हा मुद्दा घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यावर न्यायालय बहुतेक वेळा प्रकरण परत पाठवतं, सहसा दुसऱ्या कंट्रोलरकडे. तो नवीन कंट्रोलर मग सविस्तर कारणं देऊन तेच म्हणू शकतो. मीच त्या खुर्चीत असतो तर असं लिहिलं असतं: डी-१ मधली वीज काढून टाकावी हे शेतीतल्या कुणालाही वाटेल. वीज काढली की स्विचच्या जागी यांत्रिक झटका लागणार. व्हॉल्व्ह बनवणाऱ्याला टॉगल स्प्रिंग माहीत असते, डी-२ त्याच्याच शेजारच्या कपाटात आहे. झालं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्समध्ये गाडीच्या पेडलला सेन्सर जोडण्याबद्दल जवळपास असंच म्हटलं, की कुशल माणूस म्हणजे यंत्रमानव नाही, त्यालाही थोडी अक्कल असते.

याला तुमचं उत्तर काय?

रसायनवाली
मी पाषाणला लॅबमध्ये आहे, मेकॅनिकल माझं नाही, पण या वादातून आमचे अर्जही जातात. मला उत्तर वरच्या काकांच्या प्रश्नात दिसतंय. डी-१ मध्ये व्हॉल्व्ह लटकण्याचा प्रश्नच नाही. डीपी स्विच चालू झाला की सोलेनॉइड पूर्ण उघडतो आणि टायमर संपेपर्यंत उघडाच राहतो. म्हणजे डी-१ वाचणाऱ्याला खटक्याची गरज कधी जाणवतच नाही. ती गरज वीज काढून, डायफ्रॅम बसवून, चाचणी घेऊन, तो गळताना बघितल्यावर कळते. प्रश्न ओळखणं हेही शोधात येतं. आणि डी-२ फ्लोटवर चालतो, पाण्याची पातळी त्याचा खटका पाडते. प्रेशरच्या फरकाचं त्यात काही नाही. बरोबर ना?

दुसरं, डी-१ आणि डी-२ च्या तारखा काय आहेत? नोव्हेंबर २०२२ च्या ॲव्हरी डेनिसन निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने काळाच्या अंतराला महत्त्व दिलंय. जुना कागद वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर पडून होता, बदल साधाच होता, फायदा अनपेक्षित, आणि तरी कुणी केला नाही, तर न्यायालय अर्जदाराकडे झुकेल. साधेपणा हा गुन्हा नाही असाच त्याचा सूर आहे.

भोसरीचा_फिटर
ताई, अगदी बरोबर. डी-२ १९८७ चा, डी-१ २००९ चा. आमचा अर्ज २०२१ चा.

सदाशिव_तीस
आता पटायला लागलं, नाइलाजाने. तेल घरात, मोहरी घरात, म्हणून फोडणी उघड! पण मग बत्तीस वर्षांत, चुकलो, चौतीस वर्षांत कुणी दिली का नाही हा प्रश्न उरतोच.

निवृत्त_परीक्षक
रसायनवाली यांचं उत्तर चांगलं आहे. मी खुर्चीत असतो तर यावर मला खरंच विचार करावा लागला असता. काळाच्या अंतराबद्दल मात्र सावध: मधल्या काळात गरजच नव्हती असं समोरून येईल. तेव्हा गरज होती हे दाखवायला लागतं.

आणि एक जुना निकाल कंट्रोलरच्या बाजूने हमखास येईल. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. लेथवर भांडी फिरवताना ती पकडून ठेवायची युक्ती होती, पेटंट रद्द झालं. माहीत असलेल्या गोष्टी एकत्र केल्या तर ती 'नुसती वर्कशॉपमधली सुधारणा' असून चालत नाही. भोसरीच्या माणसाला हे वाक्य टोचेल, पण त्याच निकालात पुढे आहे की अशा जोडणीतून नवा परिणाम, नवी वस्तू, किंवा आधीपेक्षा चांगली अथवा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. ते वाक्य तुमचं. दोन्ही बाजू एकच निकाल वाचतात, आपापलं पान उघडतात.

नारायणगावकर
गरज होती का म्हणे! कुणी वकील इकडे आणा, मी जाळी घासायला लावतो.

क्लेम_नंबर_एक
काकांसारख्यांची शपथपत्रं कंट्रोलरपुढेच द्यायला हवी होती, कलम ७९ त्यासाठीच आहे. अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत. म्हणून तो चाचण्यांचा तक्ता महत्त्वाचा, तो पहिल्या दिवसापासून रेकॉर्डवर आहे. त्यातूनच बोलायचं. प्रकरण परत पाठवलं गेलं तर मात्र नव्या हिअरिंगच्या वेळी शपथपत्र देता येईल. तेव्हा काकांचा पत्ता घेऊन ठेवा.

आता ती ३(एफ) ची एक ओळ. एक ओळ म्हणून सोडून देऊ नका, हे फार महत्त्वाचं. अर्ज दोन कारणांनी फेटाळला असेल आणि तुम्ही एकालाच आव्हान दिलंत तर दुसऱ्यावर आदेश उभा राहतो. ३(एफ) काय म्हणतं? माहीत असलेल्या उपकरणांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा संख्या वाढवणं, ज्यात प्रत्येक उपकरण *स्वतंत्रपणे, माहीत असलेल्या पद्धतीने* काम करतं. तुमच्यात खटका कधी पडायचा ते जाळीवरची घाण ठरवते, आणि जाळी किती वेळ धुतली जायची ते खटका ठरवतो. एकाशिवाय दुसरं काम करत नाही. हे दोन वाक्यांत सांगता येतं, सांगा.

क्लेम १ कसा लिहिलाय?

भोसरीचा_फिटर
'फिल्टर, ज्यात प्रेशरच्या फरकावर चालणारा ड्रेन व्हॉल्व्ह व टॉगल यंत्रणा आहे.' उघडण्या-बंद होण्याच्या दोन वेगळ्या प्रेशरची गोष्ट क्लेम ४ मध्ये.

क्लेम_नंबर_एक
इथे दुखणं आहे. जो मुद्दा आपण इतका वेळ भांडतोय तो क्लेम १ मध्ये नाहीच. न्यायाधीश विचारतील, तुमचा गाभा क्लेममध्ये कुठे आहे? क्लेम ४ वर बोट ठेवावं लागेल, आणि क्लेम ४ क्लेम १ मध्ये आणायची तयारी ठेवावी लागेल. कलम ५९ क्लेम आकुंचित करू देतं, वाढवू देत नाही. इथे आकुंचितच होतंय आणि मजकूर मूळ अर्जातला आहे, त्यामुळे अडचण नसावी. अपिलात ते कोणत्या टप्प्यावर मांडायचं हे वकिलाशी ठरवा. आदेशात क्लेम ४ बद्दल वेगळं काही लिहिलंय का?

भोसरीचा_फिटर
'क्लेम २ ते ७ हे क्लेम १ वर अवलंबून असल्याने तेही उघड.' एवढंच.

निवृत्त_परीक्षक
हे चुकीचं आहे. मुख्य क्लेम उघड नसेल तर त्यावर अवलंबून असलेले नसतात, हे खरं. उलटं खरं नाही. क्लेम १ पडला तरी क्लेम ४ वेगळा तपासायला हवा होता. माझ्या मते तुमच्या अपिलातला सगळ्यात धारदार मुद्दा हाच आणि तो तीन ओळींत मांडून होतो.

सदाशिव_तीस
तोपर्यंत नक्कल करणाऱ्यांचं काय? माझा पहिला प्रश्न तसाच आहे.

क्लेम_नंबर_एक
उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पेटंट वीस वर्षांचं, आणि ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात, अपिलात गेलेला काळ परत मिळत नाही. पेटंट मिळालं की प्रसिद्धीच्या तारखेपासूनच्या नकलेबद्दल भरपाई मागता येते, पण दावा लावायला आधी पेटंट हातात हवं. म्हणून भाऊ, अपील करायचं तर व्हॉल्व्ह विकायचाय म्हणून करा. कोर्ट फी फारशी नाही, खर्च वकिलाचा. निव्वळ आदेश झोंबला म्हणून जाऊ नका.

भोसरीचा_फिटर
विकायचाच आहे, साचा तयार आहे. भावाशी बोललो, तो तयार झाला. मेमोसाठी पहिला मुद्दा लिहून बघितला: 'विद्वान कंट्रोलर यांनी शोधाचे महत्त्व व शेतकऱ्यांना होणारा लाभ लक्षात न घेता अर्ज फेटाळला.'

निवृत्त_परीक्षक
नको. हे कुठल्याही अपिलाला लागू होतं.

क्लेम_नंबर_एक
असं बघा: 'आदेशात डी-१ व डी-२ एकत्र करण्याचे कोणतेही कारण दिलेले नाही. डी-१ मधील सोलेनॉइड टायमर संपेपर्यंत पूर्ण उघडा राहतो, त्यामुळे व्हॉल्व्ह अर्धवट उघडण्याची अडचण डी-१ मध्ये उद्भवतच नाही. ही अडचण व तिचे निराकरण अर्जदाराच्या स्पेसिफिकेशनमधील चाचणी तक्त्यात दिलेले असून आदेशात त्या तक्त्याचा उल्लेख नाही.' दुसरा मुद्दा क्लेम ४, तिसरा ३(एफ). शेतकऱ्यांचा लाभ चौथ्यात, एका वाक्यात.

आदेशाची प्रत, शेवटचे दाखल केलेले क्लेम, डी-१, डी-२, हिअरिंगची नोटीस आणि नंतरचं लेखी निवेदन, एवढं एका फाइलमध्ये लावून वकिलाकडे जा. तक्ता सगळ्यात वर ठेवा.

भोसरीचा_फिटर
सोमवारी भेट ठरली आहे. आधी क्लेमची प्रत शोधतो, भावाच्या लॅपटॉपमध्ये आहे.

नारायणगावकर
तुमचा ड्रेन किती इंची आहे? माझी लाइन अडीच इंची, जाळी १२० मेशची.

भोसरीचा_फिटर
ड्रेन एक इंची, काका. अडीचच्या लाइनला चालेल. १२० मेशला डायफ्रॅम तोच, फक्त स्प्रिंग बदलावी लागेल.